युद्धस्मरणाचे संगीत : ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या गीताची चिकित्सा

सारांश : युद्धप्रसंगाच्या स्मरणार्थ रचलेल्या संगीताची परंपरा पाश्चात्त्य वाद्यवृंदसंगीतात आहे, तशीच ती मराठी पोवाड्यातही आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत या दोन परंपरा एकत्र आलेल्या दिसतात. प्रस्तुत लेखात या ध्वनिमुद्रिकेतील नेसरीच्या व पावनखिंडीच्या प्रसंगांवरील दोन गीतांचा तौलनिक विचार केला आहे. मूळ कवितेतील कोणता भाग गीतात आला, कोणता गळला आणि त्यामुळे युद्धस्मरणाच्या अर्थात कोणता पालट झाला, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : युद्धस्मरण, वाद्यवृंद, पोवाडा, विराणी, कुसुमाग्रज, हृदयनाथ मंगेशकर.

१. प्रस्तावना

दरवर्षी फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत दोन कार्यक्रम हमखास होतात. १९ फेब्रुवारीस शिवजयंती आणि २७ फेब्रुवारीस, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन. या दोन्ही कार्यक्रमांत जे एक गीत वाजते, गायिले जाते किंवा नाचून दाखविले जाते, ते म्हणजे ‘वेडात मराठे वीर दौडले सात’. ज्या घटनेवर हे गीत आधारलेले आहे ती घटनाही फेब्रुवारीतीलच आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात नेसरी येथे, सरनौबत प्रतापराव गुजर आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या सैन्यावर चालून गेले आणि धारातीर्थी पडले.

हे गीत इतके परिचित आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. परंतु एक साधा प्रश्न विचारला की ही गरज ध्यानात येते. नेसरी हा विजय नव्हता. सेनापतीने सेना मागे ठेवून मोजक्या स्वारांनिशी केलेली ती चाल होती आणि तिचा शेवट सर्वनाशात झाला. असे असता या गीताच्या सादरीकरणानंतर सभागृहात विजयोत्सवासारखा जल्लोष का होतो? दोष श्रोत्यांचा, सादरकर्त्यांचा, की गीताच्या रचनेतच अशी एखादी जागा आहे जिच्यामुळे पराभवाचे स्मरण विजयाच्या स्वरात ऐकू येते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम युद्धस्मरणाच्या संगीताची सामान्य प्रकृती पाहणे आवश्यक ठरते.

२. युद्धाचे अनुकरण आणि युद्धाचे स्मरण

युद्धावर संगीत रचताना संगीतकारापुढे दोन वाटा असतात. एक वाट अनुकरणाची. यात तोफा, टापा, रणवाद्ये आणि आरोळ्या यांचा नाद वाद्यांतून निर्माण केला जातो. दुसरी वाट स्मरणाची. यात युद्ध होऊन गेले आहे, माणसे गेली आहेत आणि उरलेली माणसे त्यांना आठवत आहेत, ही भावस्थिती केंद्रस्थानी असते. श्रेष्ठ रचनांत या दोन्ही वाटा एकमेकींस छेदतात.

बोहेमियात जन्मलेला व्हायोलिनवादक-रचनाकार हाइन्रिश बिबर याने १६७३ साली, म्हणजे नेसरीच्या प्रसंगाच्या अवघे एक वर्ष आधी, ‘बातालिया’ नावाची तंतुवाद्यांची रचना केली. तिच्यात रणभेरीचा भास व्हावा म्हणून मोठ्या तंतुवाद्याच्या तारांत कागद अडकविण्याची सूचना आहे आणि बंदुकीच्या बाराचा भास व्हावा म्हणून तार जोराने ओढून सोडण्याची सूचना आहे. अनुकरणाची हौस इतकी असूनही रचनेचा शेवट मात्र जखमी शिपायांच्या विलापाने होतो. लढाईचा नाद संपल्यावर काय उरते, हे रचनाकाराने विसरू दिलेले नाही.

बीथोवनची ‘वेलिंग्टनचा विजय’ ही रचना याच्या उलट टोकाची आहे. २१ जून १८१३ रोजी स्पेनमधील व्हिटोरिया येथे इंग्रजी फौजेने फ्रेंचांचा पराभव केला. त्याच वर्षीच्या ८ डिसेंबर रोजी व्हिएन्नात, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी योजलेल्या मैफलीत ही रचना प्रथम सादर झाली. दोन सैन्यांची दोन सुरावटींतून ओळख, स्वरलिपीत तोफांच्या बारांसाठी नेमलेल्या जागा आणि शेवटी विजयाचा जयघोष अशी तिची मांडणी आहे. त्या काळी ही रचना अतिशय लोकप्रिय झाली. त्याच मैफलीत बीथोवनची सातवी सिंफनीही प्रथम सादर झाली होती. आज संगीताचे अभ्यासक सातव्या सिंफनीकडे वारंवार वळतात आणि ‘विजया’कडे मात्र एक ऐतिहासिक नमुना म्हणून पाहतात.

चायकोव्स्कीची ‘१८१२’ ही रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचे हे स्मरण १८८० साली रचले गेले आणि १८८२ साली मॉस्कोत प्रथम सादर झाले. फ्रेंचांची ओळख म्हणून तिच्यात ‘मार्सेयेज’ची सुरावट आहे आणि रशियाची ओळख म्हणून झारच्या राष्ट्रगीताची सुरावट आहे. परंतु नेपोलियनच्या साम्राज्यात ‘मार्सेयेज’ला राष्ट्रगीताचे स्थान नव्हते आणि झारचे ते राष्ट्रगीत तर १८३३ सालचे आहे. म्हणजे १८१२ च्या रणांगणावर जे स्वर त्या अर्थाने असू शकत नव्हते, त्यांच्यातच पुढील पिढ्यांना ते रणांगण ऐकू येते. पुढे १९७४ पासून अमेरिकेतील बॉस्टन शहरात ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिन सोहळ्यात हीच रचना तोफांसह वाजविण्याची प्रथा पडली. रशियाच्या भूमीवरील नरसंहाराचे स्मरण अमेरिकेच्या उत्सवाचे संगीत झाले. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संगीतात युद्धाचा नाद टिकतो, कारण टिकत नाही. युद्ध का झाले, कोणी कोणती चूक केली, कोणाला काय सोसावे लागले, या गोष्टी शब्दांवाचून नादात साठत नाहीत. नाद जितका प्रभावी, तितका तो आपल्या मूळ प्रसंगापासून सहज सुटतो आणि दुसऱ्या प्रसंगाला चिकटतो.

३. पोवाड्याची परंपरा

मराठीत युद्धस्मरणाचे काम परंपरेने पोवाड्याने केले. अफजलखानवधावरील अग्निदासाचा आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा हे शिवकालाशी निगडित पोवाडे सर्वपरिचित आहेत. पुढे पानिपत, खर्डा अशा प्रसंगांवरही पोवाडे झाले. डफ, तुणतुणे, शाहिराचा आवाज आणि साथीदारांची झील इतकीच त्याची वाद्यसामग्री.

पोवाड्याचे वैशिष्ट्य असे की त्यात नादापेक्षा वृत्तांत मोठा असतो. शाहीर माणसांची नावे घेतो, गावे सांगतो, निरोप कसा आला, बोलणे काय झाले, कोण रुसले, कोण निघाले हे सविस्तर सांगतो. तुळशीदासाच्या पोवाड्यात प्रत्यक्ष लढाईइतकेच स्थान लढाईपूर्वीच्या घडामोडींना आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदाजवळ जे नाही, म्हणजे कारण सांगण्याची सोय, ते पोवाड्याजवळ भरपूर आहे. उलट, शोकाच्या एकाग्र क्षणासाठी पोवाड्यात अवकाश कमी असतो, कारण शाहिराला पुढे जायचे असते.

४. ‘शिवकल्याण राजा’

१९७४ हे शिवराज्याभिषेकाचे त्रिशताब्दी वर्ष. त्या निमित्ताने आलेल्या ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेस हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत, लता मंगेशकर यांचा स्वर आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन लाभले. समर्थ रामदास, कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशा वेगवेगळ्या काळांतील कवींच्या रचना तीत एकत्र आल्या.

या ध्वनिमुद्रिकेच्या वाद्यवृंदामागे मुंबईच्या चित्रपटसंगीताची घडण आहे. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी पाश्चात्त्य वाद्यमेळाची रीत मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत रुजविली होती. भारतीय सुरावट आणि मोठा वाद्यमेळ यांचे नाते तेथे जुळले. त्यामुळे मराठी युद्धकाव्याला डफ-तुणतुण्याऐवजी वाद्यवृंद मिळाला, झीलकऱ्यांच्या जागी समूहस्वर आला आणि शाहिराच्या खड्या पुरुषी आवाजाच्या जागी एका स्त्रीचा स्वर आला. हा शेवटचा बदल सर्वांत महत्त्वाचा होय. शाहीर रणाच्या बाजूने बोलतो. स्त्रीस्वर मात्र आपोआपच रणाबाहेर, मागे राहिलेल्यांच्या बाजूने ऐकू येतो. स्मरणाची वाट या निवडीतच मोकळी झाली होती.

५. नेसरी : गळलेली कडवी

कुसुमाग्रजांच्या मूळ कवितेचा आरंभ तलवारीने होत नाही. तो होतो एका पत्राने. सेना रण सोडून पळाली ही वार्ता ऐकून आपले कान धन्य झाले, अशा उपरोधाने स्वामीचे बोल सुरू होतात. पुढील कडव्यांत ती अक्षरे वाचणाऱ्या सेनापतीच्या मनाची जळजळ, चेहऱ्यावरील पालट, ओलावलेले डोळे आणि झालेल्या चुकीची कबुली येते. तलवारही याच भागात म्यानातून बाहेर पडते. म्हणजे कवितेचा पहिला भाग लाजेचा आहे आणि दुसरा दौडीचा.

येथे इतिहासाशी ताडून पाहणे उपयुक्त ठरेल. १६७३ साली उमराणी येथे कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला प्रतापरावांनी जाऊ दिले आणि तो पुन्हा उलटला, हे महाराजांच्या रोषाचे कारण होते. कवीने या जागी सैन्याच्या पलायनाची कल्पना घेतली आहे. उदारपणाची चूक त्याने भीतीच्या चुकीत बदलली. त्यामुळे लाज अधिक तीव्र झाली. इतिहास म्हणून हे स्थलांतर तपासण्याजोगे आहे, परंतु काव्य म्हणून त्याने एक काम निश्चित केले : दौडीला कारण दिले. समकालीन इंग्रजी पत्रव्यवहारातही अरुंद खिंडीत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेल्याचा आणि उर्वरित सैन्याची मदत त्यांना न मिळाल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ‘सात’ हा आकडा केवळ कविकल्पना नव्हे. त्या सहा जणांची नावे मात्र पुढील परंपरेने जोडली असून त्यांत सिद्दी हिलाल हेही एक नाव सांगितले जाते. शीर्षकातील ‘मराठे’ हा शब्द त्यामुळे जातिवाचक न घेता स्वराज्याचे सैनिक या व्यापक अर्थाने घेणेच सयुक्तिक होय.

ध्वनिमुद्रित गीत तलवार म्यानातून उसळते त्या क्षणापासून सुरू होते. पत्र, उपरोध, लाज आणि कबुली ही सर्व कडवी गळली आहेत. संगीतकाराची अडचण समजण्यासारखी आहे. काही मिनिटांच्या गीतात कवितेची सर्व कडवी मावत नाहीत आणि पत्रवाचनाला दौडीची लय शोभत नाही. गीताला एक गती हवी असते आणि ती तलवारीच्या क्षणापासून मिळते. परंतु या निवडीची किंमतही आहे. अपमान पुसून टाकण्यासाठी सात माना अर्पिल्या, असा आशय गीतात उरलेल्या एका ओळीत आहे. कोणता अपमान, हे मात्र गीतातून कळत नाही. श्रोता तो अपमान शत्रूने केलेला समजतो. मूळ कवितेत तो स्वतःच्या वर्तनाने ओढवलेला आहे. आत्मनिंदेतून निघालेली दौड अशा रीतीने शत्रूवरील त्वेषाची दौड होऊन बसते.

दौडीच्या भागातील प्रतिमा पाहाव्यात. सात हा आकडा कवीने क्रमाने तीन रूपांत दाखविला आहे. प्रथम धुळीचे ढग, मग समुद्रात जळत कोसळणाऱ्या उल्का, शेवटी वणव्यात जळालेले पक्षी. धूळ वर उठते, उल्का खाली पडतात, पक्षी राख होतात. चढ, पतन आणि विनाश अशी ही उतरती रेषा आहे. कवी एकदाही शत्रूचे मुंडके उडाल्याचे सांगत नाही. या कवितेत मारणे जवळजवळ नाही, केवळ मरणे आहे. टापांच्या चालीने धावणारी गीताची लय धुळीच्या प्रतिमेला पूर्ण न्याय देते. उल्का आणि पक्षी यांचे पतन मात्र त्याच आवेगात ऐकणाऱ्याच्या हातून निसटण्याचा संभव राहतो.

शेवटचे कडवे या दृष्टीने निर्णायक आहे. तेथे कवी भूतकाळ सोडून वर्तमानकाळात येतो. दगडांवरील टाचांच्या खुणा, ओढ्याच्या पाण्यातील रक्ताचा रंग, क्षितिजावरील मातीचा ढग आणि वाऱ्यावर अजूनही ऐकू येणारी कोणाची तरी विराणी अशी ही चार चित्रे आहेत. विराणी हा शब्द विरहगीताचा. आपल्या कवितेचे संगीत कोणते, हे कवीने येथे स्वतःच नोंदवून ठेवले आहे. ते रणवाद्य नव्हे, विराणी होय. बिबरच्या रचनेचा शेवट जसा विलापात होतो, तसाच कुसुमाग्रजांच्या कवितेचाही होतो. मात्र या कडव्यानंतर ध्रुपद पुन्हा येते. तेच शब्द आरंभी वार्ता असतात, मध्ये विस्मय असतात आणि शेवटी विलाप असतात. शब्द तेच राहून अर्थ तीनदा पालटतो. ज्या श्रोत्याने आरंभीची लाज ऐकलेली नाही, त्याला शेवटचा विलापही अर्धाच ऐकू येतो आणि ध्रुपद त्याच्या कानी प्रथम होते तसेच, म्हणजे जयघोष म्हणून पडते.

६. पावनखिंड : थांबलेले युद्ध

याच ध्वनिमुद्रिकेतील, याच कवीचे ‘सरणार कधी रण’ हे गीत तुलनेसाठी अत्यंत उपयुक्त आहे. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या महाराजांचा पाठलाग रोखून धरताना बाजीप्रभू देशपांडे पडले. हा प्रसंग नेसरीहून अधिक यशस्वी, कारण ज्यासाठी प्राण वेचले ते साध्य झाले. असे असूनही गीतात जयघोष नाही. बाजीप्रभू स्वतः बोलत आहेत. जखमांनी चाळण झालेले शरीर, मिटू पाहणारे डोळे, हातून गळालेले खड्ग आणि हे रण कधी संपेल हा प्रश्न. शेवटी घरी परत बोलावशील का, अशी जवळजवळ बालसुलभ विनवणी.

हृदयनाथांनी या गीताला संथ, आर्जवाची चाल दिली. येथे अनुकरणाची गरज उरत नाही, कारण युद्ध बाहेर नसून बोलणाऱ्याच्या देहात आहे. रणाच्या मध्यभागी असलेल्या वीराचे शब्द स्त्रीच्या स्वरात ऐकू येतात आणि त्या विसंगतीतूनच करुणा निर्माण होते. प्रस्तुत लेखकाच्या मते युद्धस्मरणाचे संगीत म्हणून हे गीत नेसरीच्या गीताहून सरस आहे. मात्र ते कमी लोकप्रिय आहे, आणि त्याचे कारणही उघड आहे : या गीतावर संचलन करता येत नाही.

याच जातीचे आणखी एक उदाहरण म्हणजे १९६२ च्या युद्धातील हुतात्म्यांसाठी कवी प्रदीप यांनी लिहिलेले आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी प्रथम गायिलेले ‘ऐ मेरे वतन के लोगों’. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र अर्थात रामचंद्र नरहर चितळकर हे मराठीच. देश पराभवाच्या छायेत असताना त्यांनी रणवाद्यांचा आधार घेतला नाही. पराभवाला विजयाचे कपडे चढविण्याचा मोह टाळल्यामुळेच ते गीत टिकले.

७. सादरीकरण आणि अर्थ

‘शिवकल्याण राजा’च्या निर्मात्यांवर एकांगी दोष ठेवणे न्याय्य होणार नाही. मूळ ध्वनिमुद्रिकेत गीतांना निवेदनाची जोड आहे, म्हणजे पोवाड्यातील वृत्तांताचे काम तेथे निवेदकाकडे सोपविले आहे. प्रश्न उद्भवतो तो गीत निवेदनापासून सुटे झाल्यावर. मिरवणुकीत, मंडपात, स्नेहसंमेलनात केवळ गीत वाजते. आधी कवितेतील कारण गळले, मग निवेदनातील संदर्भ गळला, आणि उरली ती लय. ‘१८१२’ चे बॉस्टनमध्ये जे झाले, तेच नेसरीच्या गीताचे आपल्या सभागृहांत झाले आहे.

याला आणखी एक बाजू आहे. ज्या युद्धाला संगीत मिळते, ते लोकांच्या स्मरणात राहते. हिंगणघाटसारख्या विदर्भातील गावी शिकणारा विद्यार्थी नेसरी आणि पावनखिंड ही नावे गीतांमुळे जाणतो. परंतु येथून साधारण पाऊणशे किलोमीटरवरील नागपुरात २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेली सीताबर्डीची लढाई, २९ नोव्हेंबर १८०३ ची अडगावची लढाई किंवा त्यानंतर १५ डिसेंबर रोजी पडलेला गाविलगड आणि तेथे लढता लढता पडलेला किल्लेदार बेनीसिंग यांच्याविषयी तो सहसा काही सांगू शकत नाही. ही सर्व पराभवांची स्मरणे आहेत. पराभवाचे स्मरण कसे गावे, याचा वस्तुपाठ कुसुमाग्रजांनी नेसरीच्या कवितेत घालून दिला होता. तो आपण जयघोषात हरवला, म्हणून आपल्याच मातीतील पराभवांना गाण्याची भाषाही आपल्याजवळ उरली नाही, असे म्हणावेसे वाटते.

८. निष्कर्ष

१) युद्धस्मरणाच्या संगीतात अनुकरण आणि स्मरण या दोन प्रवृत्ती असतात. केवळ अनुकरणावर उभी असलेली रचना आपल्या मूळ प्रसंगापासून लवकर सुटते.

२) ‘शिवकल्याण राजा’ने पोवाड्याची परंपरा आणि वाद्यवृंद यांचा संगम घडविला. स्त्रीस्वराच्या निवडीमुळे स्मरणाची वाट त्यात मोकळी झाली.

३) ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या गीतातून मूळ कवितेची आरंभीची कडवी गळल्याने आत्मनिंदेचा आशय लोपला आणि शेवटच्या विराणीचे बळ घटले. ‘सरणार कधी रण’मध्ये असे घडत नाही.

४) महाविद्यालयीन कार्यक्रमांत हे गीत सादर करताना गळलेल्या कडव्यांचे वाचन आधी व्हावे आणि शेवटच्या कडव्यानंतर काही क्षण शांतता राखली जावी. मराठीच्या वर्गात कविता आणि गीत शेजारी ठेवून शिकविल्यास माध्यमांतराचा अभ्यासही आपोआप साधेल.

सेनापतीची चूक, त्याची लाज, त्याच्यामागे निघालेले सहा जण आणि मागे थिजून उभी राहिलेली सेना हे सर्व मिळून नेसरी होते. त्यातील दौड तेवढी उचलून तिला आपण शौर्य म्हणू लागलो, तर त्या सात जणांचे वेड आपल्याला कळले असे म्हणता येणार नाही.